क्लासिक रॉक गायचंय? गाण्याचं शेवटचं मिनिट आधी ऐका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आवाज खालचा आहे, गाणं शिकलेलं नाही, पण साठ ते ऐंशीच्या दशकांतलं रॉक तोंडपाठ आहे. मागच्या कराओकेला मित्रांच्या आग्रहाखातर जर्नी या बॅंडचं 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन' घेतलंत. सुरुवात झकास झाली, पण शेवटी आवाज फाटला आणि उरलेलं गाणं कसंबसं रेटलंत. आता महिन्याभराने तीच मंडळी पुन्हा जमणार आहेत. तीन गाणी गायची आहेत, आणि तीही क्लासिक रॉकच. कुठली घ्यावीत?

मी अठरा वर्षं कराओकेचे कार्यक्रम चालवते. यादी लावणं, माइक देणं, पट्टी वरखाली करणं आणि कोण कुठे अडकतंय यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. तुमच्यासारखा प्रसंग मी इतक्यांदा पाहिलाय की ते गाणं साधारण कुठे मोडलं असेल हे न ऐकताही सांगता येईल. त्यात तुमच्या आवाजाचा दोष फार थोडा आहे. ते गाणं रचलंच तसं आहे. १९८१चं हे गाणं सव्वाचार मिनिटांच्या आत संपतं, आणि ज्या ध्रुवपदासाठी सगळे ते निवडतात ते पहिल्यांदा येतं सव्वातीन मिनिटं उलटून गेल्यावर. तोवर जर्नीचा गायक स्टीव्ह पेरी तुम्हाला एकेक पायरी वर चढवत असतो. पहिलं कडवं बोलल्यासारखं, मग मधला भाग वर, मग गिटार, आणि शेवटी ध्रुवपद, तेही वरच्यावर राहून, पुन्हा पुन्हा. घरी भांडी घासताना आपण गुणगुणतो ते पहिलं कडवं, आणि 'हे जमतंय की' असं ठरवून टाकतो. परीक्षा मात्र सगळी शेवटच्या पानावर असते.

म्हणून मी कुणालाही पहिल्यांदा एकच गोष्ट सांगते: गाणं त्याच्या शेवटच्या मिनिटावरून निवडा. आवडतं गाणं लावा, सरळ पुढे सरकवा आणि शेवटचं मिनिट ऐका. तिथे गायक किती वर आहे? किती वेळ वर राहतोय? की तिथे गायक नाहीच, नुसती गिटार वाजतेय? की गायक बाजूला झालाय आणि गर्दी गातेय? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्म्याहून अधिक निवड झालेली असते.

इतर प्रकारच्या गाण्यांना हा नियम इतका लागू होत नाही. सिनेमातलं जुनं गाणं बहुधा मुखड्याशी परत येऊन, होतं तिथेच उतरतं. रॉकचा स्वभाव चढत जाण्याचा आहे. बॅंडला शेवटी मोठं व्हायचं असतं, आणि मोठं होण्याचा सोपा मार्ग म्हणजे गायकाला वर ढकलणं. शिवाय त्या काळातले बरेचसे नावाजलेले गायक मुळातच उंच आवाजाचे होते, आणि स्टुडिओत एक ओळ हवी तितक्या वेळा पुन्हा गायची मुभा त्यांना होती. तुम्हाला ती एकदाच, उभ्याने, मित्रांसमोर गायची असते.

बॉन जोव्हीचं १९८६चं 'लिव्हिन ऑन अ प्रेयर' घ्या. ध्रुवपद आधीच वर आहे. दोनदा ते कसंबसं निभावतं, आणि मग शेवटच्या खेपेला सगळं गाणं तीन अर्धस्वर (अर्धस्वर म्हणजे पियानोवरच्या लगतच्या, काळ्या-पांढऱ्या धरून, दोन पट्ट्यांमधलं अंतर) वर उडी मारतं. ज्याचा वरचा टप्पा आधीच संपलाय त्याला तीन अर्धस्वर म्हणजे भिंत. त्यातही गंमत अशी की उडी मारण्याआधीच्या मात्रागटात चाराऐवजी तीनच ठोके आहेत. म्हणजे सूर वर जातो आणि एक ठोका गळतोही. पडद्यावरचे शब्द रंग बदलू लागतात आणि गाणारा अजून श्वास घेत असतो. माझ्या कार्यक्रमांत हे गाणं कुणी एकट्याने मागितलं की मी आधी विचारते, 'शेवटची उडी माहितीये ना?' माहीत असेल तर दोन अर्धस्वर उतरवून देते, आणि उडीनंतरचं ध्रुवपद सगळ्यांनी मिळून म्हणा असं सुचवते. तसं केलं तर हे गाणं फार छान जातं.

दुसरी जात सप्तक बदलणाऱ्या गाण्यांची. ॲनिमल्सचं १९६४चं 'हाउस ऑफ द रायझिंग सन' खालच्या आवाजाच्या पुरुषांना फार मोह घालतं, कारण एरिक बर्डन सुरुवातीची कडवी खाली, खर्जातून सांगतो. पुढची तो एक सप्तक वर नेतो. डेव्हिड बोवीचं १९७७चं 'हीरोज' तसंच: अर्धं गाणं पुटपुटल्यासारखं आणि नंतर वरच्या सप्तकात पूर्ण ताकदीने. 'हीरोज'च्या ध्वनिमुद्रणात निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने तीन माइक लावले होते, एक तोंडाजवळ, एक सुमारे २० फुटांवर आणि एक सुमारे ५० फुटांवर. लांबचे दोन बोवीचा आवाज पुरेसा मोठा झाला तरच उघडत. म्हणजे त्या अख्ख्या मोठ्या खोलीची गुंज हवी असेल तर त्याला ओरडावंच लागे. तुमच्या हातात एकच माइक आहे, तोंडापासून दोन इंचांवर. मोठ्याने गाऊन तुम्हाला ती खोली मिळणार नाही, फक्त आवाज फुटेल. असं गाणं घ्यायचंच असेल तर शेवटपर्यंत खालच्याच सप्तकात राहा आणि जोर शब्दांवर द्या. ॲनिमल्सच्या गाण्याला हे चालून जातं, कारण मुळात ती जुनी लोकगाथा आहे, कुणीही कशीही सांगावी. 'हीरोज'ला तितकंसं चालत नाही.

एरोस्मिथच्या १९७३च्या 'ड्रीम ऑन'बद्दल एवढंच सांगते की शेवटच्या किंकाळ्या हेच ते गाणं आहे. त्या जमणार नसतील तर ते गाणं हातात राहत नाही.

आता याच्या उलट, मला फार प्रिय असलेलं उदाहरण. बीटल्सचं १९६७चं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' रिंगो स्टारसाठी मुद्दाम लिहिलं गेलं. रिंगो ढोलवादक, आवाजाचा पल्ला मर्यादित, म्हणून कडव्यांची चाल अवघ्या पाच स्वरांत बसवली. पाच स्वर म्हणजे बोलता येणाऱ्या कुणालाही जमावं इतकंच. पण शेवटचा एक सूर मात्र लांब आणि उंच ठेवलाय, आणि तो गायला रिंगो तयार नव्हता, बाकीच्यांनी त्याला धीर देऊन गाऊन घेतला. बघा, जगातल्या सगळ्यांत गायकस्नेही रॉक गाण्यातही अडचण शेवटीच येते. पण इथे ती एकाच सुराची आहे, तो मित्रांच्या हवाली करता येतो, आणि गाण्याचा विषयही नेमका तोच आहे.

याच गाण्यावरून आणखी एक इशारा. यादीत हे नाव बहुधा दोनदा सापडेल, एकदा बीटल्सच्या धाटणीचं, एकदा जो कॉकरच्या. कॉकरचं १९६८चं रूप संथ, जड आणि घसा खरवडून गायलेलं आहे. दोन्ही गाण्यांचे शब्द जवळजवळ तेच, पण गाणाऱ्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी गाणी. 'प्राउड मेरी'चंही तेच. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं १९६९चं रूप एका संथ, सरळ लयीत वाहतं, तर आयक आणि टीना टर्नर यांचं १९७१चं रूप हळू सुरू होऊन मध्येच सुसाट सुटतं. माझ्या डोळ्यांसमोर एका सभ्य गृहस्थांनी क्रीडन्स समजून टर्नर निवडलं आणि निम्म्या वाटेवर लय दुप्पट झाल्यावर ते माइक हातात धरून पडद्याकडे बघत राहिले. नाव लिहून देताना बॅंडचं नावही लिहा. 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर'लाही हे लागू: बॉब डिलनचं १९७३चं मूळ अडीच मिनिटांचं, खालचं, शांत. गन्स एन रोझेसचं त्याच्या दुप्पट लांब आणि बरंच वर.

आता पट्टीबद्दल. इथे बहुतेकांचा एक घोळ होतो. गाणं 'उंच' असणं आणि गाणं 'रुंद' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंच म्हणजे सगळी चालच तुमच्या आवाजाच्या वर बसलीय. रुंद म्हणजे सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर यांत अंतरच मोठं आहे. उंचीवर इलाज आहे: यंत्रावर पट्टीचं बटण असतं, एकेका अर्धस्वराने खाली या. रुंदीवर इलाज नाही, कारण वरचा सूर आवाक्यात आणलात की खालचा पायाखाली निसटतो. 'हाउस ऑफ द रायझिंग सन' सप्तकाच्या उडीसह रुंद आहे. क्रीडन्सचं 'बॅड मून रायझिंग' मूळ पट्टीत जॉन फोगर्टी चांगलं चढ्या आवाजात गातो, पण चालीचा पल्ला लहान आहे, त्यामुळे दोन-चार अर्धस्वर उतरवलं की ते खालच्या आवाजात आरामात बसतं. साधारण चार-पाच अर्धस्वरांपलीकडे मात्र उतरवू नका. साथसंगत लोळायला लागते, ढोल चिखलात पडल्यासारखे वाटतात आणि तुम्हालाच त्यावर गायला नको वाटतं.

पट्टी उतरवायला लोक लाजतात, त्यांना ती फसवणूक वाटते. मला हे ऐकून दरवेळी वाईट वाटतं. दाइसुके इनोऊ या जपानी वादकाने १९७१मध्ये कोबे शहरात कराओकेचं यंत्र आणलं, त्यामागची हकीकत अशी: तो बारमध्ये गाणाऱ्यांना साथ करायचा. एका कंपनीच्या मालकाला त्याचीच साथ हवी असे, कारण त्या माणसाच्या आवाजाला काय लागतं हे इनोऊला ठाऊक होतं. मालक सहलीला निघाला, इनोऊला जाता येईना, म्हणून त्याने त्या माणसाच्या गळ्याला सोयीची साथ टेपवर भरून दिली. तिथून पुढची कल्पना सुचली. साथीने गाणाऱ्याच्या गळ्याजवळ यायचं, ही या खेळाची पहिल्या दिवसापासूनची रीत आहे. स्वतःच्या कार्यक्रमांत पट्टी बदलणारे मूळ गायकही कमी नाहीत. वय वाढलं की कितीतरी बॅंड आपलीच गाणी खाली उतरवून वाजवतात.

आपली जागा कशी ओळखायची? फोनवर पियानोचं कुठलंही ॲप घ्या. रस्त्यापलीकडच्या ओळखीच्या माणसाला हाक मारताना जो सूर लागतो, तो शोधा. तोच तुमचा वरचा कामाचा सूर, तिथे तुम्ही जोरात आणि न ताणता राहू शकता. त्याच्या वरचे दोन-तीन सूर लागतील, पण ते क्षणभर टेकायला. बहुतेक खालच्या आवाजाच्या पुरुषांचा आवाज पियानोच्या मधल्या 'सी'पासून वर मोजलं तर 'ई' किंवा 'एफ'पाशी पलटी खायला, म्हणजे भरीव आवाज सुटून पातळ व्हायला लागतो. गाण्यात ते सूर अधूनमधून येत असतील तर चालेल. ध्रुवपदच तिथे राहायला गेलं असेल तर पट्टी उतरवा, नाहीतर गाणं बदला.

शेवटच्या मिनिटाची दुसरी अडचण गळ्याची नाही, रिकामपणाची आहे. ईगल्सचं 'होटेल कॅलिफोर्निया' सगळ्यांना पाठ, गायलाही शहाण्यासारखं, डॉन हेन्ली फार चढत नाही असं वाटतं. पण गाण्याचे शब्द संपल्यावर डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या गिटारी सुमारे दोन मिनिटं बोलत राहतात. ते वादन जगातल्या उत्तम गिटारवादनांपैकी आहे आणि मी घरी ते डोळे मिटून ऐकते. मंचावर माइक घेऊन उभ्या माणसाला मात्र ती दोन मिनिटं दहा वाटतात, आणि समोरच्यांच्या गप्पा सुरू होतात. लिनर्ड स्किनर्डचं 'फ्री बर्ड' नऊ मिनिटांचं, त्यातला मागचा सगळा भाग गिटारीचा. लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' आठ मिनिटांचं, आणि शांतपणे बासरीसारखं सुरू होऊन शेवटी रॉबर्ट प्लांट जिथे पोहोचतो तिथे तुम्ही-मी जात नाही. द हूचं १९७१चं 'बाबा ओ'रायली' सिंथेसायझरच्या लांब प्रस्तावनेने सुरू होतं आणि व्हायोलिनच्या वाढत्या लयीवर संपतं, म्हणजे दोन्ही टोकांना गायक मोकळा. (हे गाणं शोधताना शब्दांवरून शोधू नका, शीर्षक गाण्यात कुठेच येत नाही. ते मेहेरबाबा आणि संगीतकार टेरी रायली यांच्या नावांवरून घेतलंय.)

यांतलं एखादं हवंच असेल तर यंत्र चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, 'शेवटची ओळ झाली की हळूहळू आवाज कमी करा.' आम्हाला ते आनंदाने करता येतं, आणि पुढे नंबर लावून बसलेले लोकही दुवा देतात.

तिसरी जात सगळ्यांत भाग्याची: शेवटचं मिनिट गर्दीचं असलेली गाणी. बीटल्सचं 'हे जूड', १९६८, सात मिनिटांहून थोडं मोठं, आणि त्यातली शेवटची चार मिनिटं एकाच साध्या आवर्तनाची. त्या भागात शब्द असे नाहीतच. मूळ मुद्रणात गायक पॉल मॅकार्टनी त्यावर वरच्या पट्टीत किंचाळत, गमती करत जातो, ते तुम्ही अजिबात करायचं नाही. तुम्ही माइक समोरच्यांकडे करायचा. क्वीनचं १९७७चं 'वी विल रॉक यू' अवघ्या दोन मिनिटांचं, बहुतेक सगळं पाय आपटणं आणि टाळ्यांवर. कडवी सुरापेक्षा ठेक्यात म्हणायची असतात आणि ध्रुवपद खोली म्हणते. जोन जेटचं 'आय लव्ह रॉक एन रोल' असंच, पुरुषालाही चालतं, बाईलाही.

क्वीनचं नाव निघालंच आहे तर 'बोहिमियन ऱ्हॅप्सडी'बद्दल बोलायला हवं, कारण दर कार्यक्रमात कुणीतरी ते मागतंच. १९७५चं, सहा मिनिटांना जरा कमी. त्यात परत परत येणारं ध्रुवपद नाही, आणि मधला ऑपेराचा भाग बॅंडमधल्या मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांनी आवाजांचे थरावर थर चढवून तयार केलेला. एकट्या माणसाने तो गाणं शक्य नाही, प्रयत्नही करू नये. चार-पाच जणांनी आधी वाटणी करून घेतली, कोणी खालचे आवाज, कोणी वरचे, तर त्या संध्याकाळचं सर्वांत आठवणीत राहणारं गाणं तेच ठरतं. वाटणी न करता पाच जण मंचावर गेले की सगळेच पहिला शांत भाग गातात आणि मधल्या भागात कुणीच गात नाही.

खालच्या आवाजासाठी म्हणून मी ज्या दारांशी आधी जाते ती सांगते. डोअर्स. जिम मॉरिसनचा आवाज खरोखर खालचा होता आणि तो घाई करत नाही. 'पीपल आर स्ट्रेंज', १९६७, जेमतेम सव्वादोन मिनिटांचं, आधी न गायलेल्या माणसालाही शोभतं. 'लाइट माय फायर' घ्याल तर छोटं रूप आहे का ते बघा, कारण अल्बमवरचं सात मिनिटांचं आहे आणि मधे ऑर्गन आणि गिटार यांचं भलंमोठं संभाषण आहे. क्रीडन्सची गाणी छोटी, 'बॅड मून रायझिंग' अडीच मिनिटांच्या आतलं, 'हॅव यू एव्हर सीन द रेन' त्याहून थोडं मोठं, आणि दोन्हींना शेवटी वेगळी चढण नाही. जे पहिल्या मिनिटात जमलं तेच शेवटी करायचं आहे. डीप पर्पलचं १९७२चं 'स्मोक ऑन द वॉटर' लोक गिटारीमुळे ओळखतात, पण गाणाऱ्यासाठीही ते सोयीचं आहे. इयन गिलन किती वर जाऊ शकतो हे 'चाइल्ड इन टाइम' ऐकलेल्यांना सांगायला नको. इथे मात्र तो गोष्ट सांगतो. ४ डिसेंबर १९७१ला स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो इथे फ्रॅंक झापाच्या कार्यक्रमात कॅसिनोला आग लागली, बॅंडची ध्वनिमुद्रणाची जागा गेली आणि तळ्यावर धूर पसरला, हीच ती गोष्ट, घडली त्या क्रमाने. म्हणून शब्दही पटकन लक्षात राहतात.

बोलल्यासारखं गाणारे गायक सोपे असतात हा मात्र गैरसमज. डायर स्ट्रेट्सचं 'सुल्तान्स ऑफ स्विंग' सुरांना सोपं, पण मार्क नॉप्फलर शब्द ज्या ढिलाईने ठेक्याच्या मागेपुढे टाकतो ती ढिलाई वर्षांनुवर्षांच्या वादनातून आलेली आहे. पडद्यावरच्या रंगाबरोबर वाचत गेलात तर ते बातमीपत्र होतं. डिलनच्या १९६५च्या 'लाइक अ रोलिंग स्टोन'मध्ये सहा मिनिटं शब्दांचा पाऊस आहे. पाठ असेल तरच त्याच्या वाटेला जा.

तुमच्या मंडळींत स्त्रिया असतील तर त्यांना एक सांगा: पुरुषांना छळणारी जर्नीसारखी उंच गाणी स्त्रियांच्या आवाजात पुष्कळदा मूळ पट्टीतच, मधल्या टप्प्यात येऊन बसतात. तुमचं फसलेलं गाणं तुमची एखादी मैत्रीण कदाचित सहज म्हणेल. आणि ज्यांना ओरडायचं नाही त्यांच्यासाठी फ्लीटवुड मॅकचं १९७७चं 'ड्रीम्स': जवळजवळ सगळं गाणं दोन कॉर्ड्सवर झुलतं, स्टीव्ही निक्स कुठेही घाई करत नाही. कधीच न गाणारी एक बाई शेवटी हे गायली आणि खोलीतल्या गप्पा आपोआप थांबल्या, तो क्षण मला अजून आठवतो. जेफरसन एअरप्लेनचं 'व्हाइट रॅबिट' अडीच मिनिटांत एकच अखंड चढण आहे, मोठा आवाज शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवता आला तर घ्या. जोडीने गायचं असेल तर क्वीन आणि बोवीचं 'अंडर प्रेशर' मोह घालतं, पण त्यातला मर्क्युरीचा वाटा फार वर जातो. स्टीव्ही निक्स आणि टॉम पेटी यांचं १९८१चं 'स्टॉप ड्रॅगिन माय हार्ट अराउंड' दोघांनाही झेपतं.

शब्दांचा अर्थ बघून घ्या, एवढीच एक सूचना मधेच. 'द पोलिस' या बॅंडचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' मी लग्नाच्या वाढदिवसाला अर्पण केलेलं पाहिलंय. ते गाणं पाळत ठेवणाऱ्या, पछाडलेल्या माणसाचं आहे. रोलिंग स्टोन्सचं 'ब्राउन शुगर' गुलामगिरीवरच्या शब्दांमुळे त्या बॅंडनेच २०२१च्या दौऱ्यातून बाजूला ठेवलं.

तयारी मूळ गाण्यावर करू नका. मूळ गाण्यात गायक तुम्हाला हात धरून नेत असतो. कराओकेच्या साथीवर करा, कारण ती बहुधा नव्याने वाजवलेली असते आणि तिची प्रस्तावना, मधली जागा, शेवट थोडे वेगळे असू शकतात. उभे राहा, आणि आधी शेवटचं ध्रुवपद लागोपाठ तीनदा म्हणा. तिसऱ्यांदाही गळा मोकळा वाटला तर पट्टी बरोबर आहे. मग सुरुवातीला या. गिटार संपून पुन्हा शब्द कुठे सुरू होतात ती जागा ठोके मोजून पक्की करा. रॉकमध्ये माणसं हमखास चुकतात ती तिथे.

माइक तोंडासमोर ठेवा, जाळीवर मूठ आवळू नका. सिनेमात गायक तसं करतात, प्रत्यक्षात आवाज कोंदतो आणि शिट्टी वाजते. मोठ्या सुराला माइक एक वीत मागे घ्या. रॉकचा तो खरखरीत पोत घसा आवळून आणू नका, शब्द जरा चावून म्हटले तरी ऐकणाऱ्याला तो भास पुरतो.

क्रमालाही महत्त्व आहे. बीटल्सचा पहिला अल्बम 'प्लीज प्लीज मी' बहुतांश ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी मुद्रित झाला. जॉन लेननला सर्दी झाली होती, आणि 'ट्विस्ट अँड शाउट' गळा फाडणारं असल्यामुळे ते मुद्दाम सगळ्यांत शेवटी ठेवलं. पहिल्याच खेपेला जे उमटलं तेच आपण आजही ऐकतो. दुसऱ्या खेपेला त्याचा आवाज उरलाच नव्हता. तुमच्या तीन गाण्यांतलं सगळ्यांत मोठ्या आवाजाचं गाणं असंच शेवटी ठेवा.

तर तुमच्यासाठी माझी निवड. पहिलं 'बॅड मून रायझिंग', तीन अर्धस्वर उतरवून. ते संपेपर्यंत लोक आपापल्या जागेवर स्थिरावतात आणि तुमचा गळाही तापतो. दुसरं 'पीपल आर स्ट्रेंज', किंवा मंडळी गिटारवेडी असतील तर 'स्मोक ऑन द वॉटर', दोन अर्धस्वर खाली. घरी दोन्ही गाऊन बघा आणि ज्यात शब्द चुकत नाहीत ते घ्या. तिसरं 'हे जूड', तीन-चार अर्धस्वर उतरवून, कारण मधल्या भागात मॅकार्टनी नकळत वर जातो. शेवटचं आवर्तन सुरू झालं की माइक मित्रांकडे फिरवा, आणि यंत्रावर जो असेल त्याला सांगून ठेवा की चार मिनिटं पूर्ण नकोत, दीड मिनिटाने हळूच मिटवायला लागा. जर्नीचं गाणं कुणी पुन्हा मागितलंच तर पहिलं कडवं तुम्ही म्हणा, ते तुम्हाला छान जमतं हे मागच्या वेळी दिसलंच आहे, आणि मधल्या गिटारीच्या वेळी माइक त्या उंच आवाजाच्या मैत्रिणीला द्या.